काकी घसे ऐकायच्या

गोंदियाच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत देवाला भिणारी माणसं पुष्कळ होती, पण माझ्या चुलतसासूबाईंना न भिणारं माणूस मला तिथं एकही आढळलं नाही. उपदेश लांबला की पाळकसाहेबसुद्धा घड्याळाआधी त्यांच्याकडे बघत. सगळे त्यांना काकी म्हणायचे, म्हणून मीही काकीच म्हणायची. मिशनच्या दवाखान्यात त्या आया होत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, आणि रविवारच्या उपासनेत गीतं चालवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांच्याकडे कुणी दिलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बरं, आवाज म्हणाल तर तोही बेताचाच. वर चढला की कोरड्या रहाटासारखा करकरायचा. तरी पुढे नवऱ्याच्या बदल्यांमुळे मी बरीच गावं पाहिली, पण काकींची मंडळी गायची तशी गाणारी मंडळी काही मला भेटली नाही.

स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांनी मी लग्न होऊन गोंदियाला आले. नागपूरला मी पेटी शिकले होते, हे घरच्यांनी काकींच्या कानावर घातलं आणि त्याच रविवारी मला पेटीवर बसवायचं ठरून गेलं. पण उपासनेआधी त्यांनी मला चर्चच्या दारात आपल्या शेजारी उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या ‘बरं आहे ना’ विचारायच्या आणि उत्तराकडे लक्ष न देता नुसता आवाज ऐकायच्या. दिवस मळणीचे होते. बिरसीकडून बैलगाडीनं येणारी माणसं खोकत खोकतच खाली उतरली. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साऱ्यायच्या घशात धानाचा भुसा हाय. सूर खाली धर.” मी म्हटलं, हे गीत मी काळी चारच्या पट्टीत बसवलंय. त्या म्हणाल्या, “तू बसवलं असशील वो. गाचं तं त्यायले हाय.” मी सूर खाली धरला. माझा स्वतःचा आवाज त्या पट्टीत पार तळाशी गेला, कुणाला ऐकूही आला नाही. पण मागच्या बाकापर्यंतचे सगळे शेतकरी पोट भरून गायले.

रेल्वेचा एक पॉइंट्समन आमच्यात होता, छत्तीसगढकडचा. आवाज इंजिनाच्या तोडीचा आणि सुराशी ओळख अजिबात नाही. त्याला जरा हळू गायला सांगावं, असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडीलधाऱ्यानं सुचवलं. काकींनी उलट त्याला दंडाला धरून पहिल्या बाकावर आपल्याशेजारी आणून बसवलं. तो बिचारा ‘काकी, हम तो पीछे ही ठीक हैं’ म्हणत राहिला. त्याचा सूर शेवटपर्यंत सुधारला नाही. पण काकींच्या ओठांकडे बघून तो वेळेवर शब्द उचलू लागला, आणि लाजणाऱ्या बायकाही हळूहळू तोंड उघडू लागल्या. त्याच्या आवाजाखाली आपलं कुणाला काही ऐकू जाणार नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

नवीन गीत शिकवायचं तर काकी एका वेळी एकच घ्यायच्या, आणि ते सगळ्यांच्या जिभेवर बसेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू द्यायच्या नाहीत. शेवटच्या कडव्याला त्या माझ्या हातावर आपला हात ठेवून पेटी बंद करायला लावायच्या. पेटीखाली माणसं झाकली जातात, त्यांना एकदा तरी स्वतःचं गाणं ऐकू येऊ दे, असं त्यांचं म्हणणं. गीत चालू असताना मागच्या बाकावर कुणी गप्प दिसलं, तर भर उपासनेत थांबून ‘काऊन?’ एवढंच विचारायच्या. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले. ते प्रत्येक कडव्याआधी त्याचा अर्थ समजावू लागले. दोन कडवी काकींनी ते सोसलं. तिसऱ्या कडव्याचा अर्थ निम्म्यावर आला असताना त्यांनी सरळ गायला सुरुवात केली आणि सगळी मंडळी त्यांच्यामागे गेली. नंतर त्याच उपदेशकांना त्यांनी घरी नेऊन आग्रहानं जेवू घातलं, आणि वाढता वाढता सांगितलं, “साहेब, गीत सांगाचं नसते. गाचं असते.”

शनिवारी दुपारी दवाखान्यातून सुटल्या की त्या घराघरातून हिंडायच्या. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे आजार आहे, कुणाचा मुलगा रुसून निघून गेला, हे सगळं डोक्यात भरून आणायच्या आणि मग उद्याची गीतं ठरवायच्या. पाळकसाहेबांनी आनंदाचं गीत सुचवलं आणि गावात नुकतंच कुणी गेलेलं असलं, तर त्या ते मागे ढकलायच्या. आधी त्या घराला रडू द्या म्हणायच्या.

माझं पहिलं बाळ पाच-सहा महिन्यांचं होऊन तापानं गेलं, त्या आठवड्यातल्या शनिवारीही काकी आल्या. चूल पेटवली, भात घातला आणि मग विचारलं की उद्या कोणतं गीत घेऊ. मी म्हटलं, मी येणार नाही. आले तरी माझ्याच्यानं गाणं होणार नाही. देवाशी बोलायची माझी इच्छाच उरलेली नाही. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी भात उतरवला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

“मंग तू नको गाऊ,” त्या म्हणाल्या. “तुह्या वाटचं आमी गातो. तू निस्ती येऊन बस.”

मी गेले. पेटी उघडली, कारण हातांना तेवढंच ठाऊक होतं. दुसऱ्या कडव्याला बोटं थांबली ती पुन्हा हललीच नाहीत. मला वाटलं, आता गीत मोडणार. पण गीत मोडलं नाही. बिरसीची माणसं गात होती, लाजऱ्या बायका गात होत्या, पॉइंट्समन आपल्या सुरात गात होता. काकींनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्या मंडळीकडे बघून शब्द उचलून देत होत्या. मी पेटीवर डोकं टेकून रडले आणि ते सगळे शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या वाटचं गायले. त्यानंतर कित्येक रविवार हेच चाललं. एका रविवारी माझ्या नकळत माझे ओठ हलले. काकींना ते दिसलं असणारच.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाला भिलाईत नोकरी लागली आणि त्या त्याच्याकडे राहायला गेल्या. त्या वेळी गीतं चालवायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा रविवारी त्यांच्याबरोबर तिथल्या चर्चमध्ये गेले. नवी वसाहत, देशभरातून आलेली माणसं, गीतं हिंदी, पुढे कुणी तरुण मास्तर चालवणारा. काकींना तिथं फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्या शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मागे हळू आवाजात गाऊ लागल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना डोळे मिटून गाताना पाहिलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काकी, इथं करमतं का तुम्हाला? त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

“करमते वो,” त्या म्हणाल्या. “आता कोनाकडं पाहा नाही लागत. निस्तं गाऊन राहिलो.”