लेझर, गिरमीट आणि बाबांची चांदी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., तेही पहिल्याच खेपेत. तेव्हापासून तोंडवलीत आमच्या वाडीत कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो, आणि मी तो समोरच्याला फारसं न विचारता भरून देतो. विचारतच बसायचं तर शिकलो कशाला?

बाबांचा सुळ्यामागचा दात ठणकायला लागला तेव्हा पुढाकार अर्थातच माझा. हा दात साधा नव्हे. जाळं दुरुस्त करताना नायलॉनचा धागा बाबा त्याच दाताने तोडतात. शेजारी सुरी पडलेली असते, ती मासळीसाठी. पण ड्रिलने कोरायचं म्हटलं की ते अडून बसत. होडीच्या फळीत गिरमीट कसं घुसतं हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

"गिरमीट माज्या तोंडात नको. त्यापेक्षा उपटून टाकूक सांग."

मग मी त्यांना लेझर शिकवला. नुसता उजेड, थरथर नाही, कीड तेवढी उडते.

"काजव्यासारखो?"

मी हो म्हटलं. विज्ञान सोपं करून सांगावं लागतं.

कुडाळच्या दवाखान्यात फॉर्म मिळाला. 'हा दात पूर्वी भरला आहे का?' मी झोकदार अक्षरात लिहिलं, नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या तोंडात आरसा घातला, मग फॉर्म परत वाचला. "यात जुनी चांदी भरलेली आहे. त्या धातूवर लेझर चालवत नाहीत. आधी ती ड्रिलने काढू, खालची कीड लेझरने."

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी शुद्ध मराठीत विचारलं.

"तू इचारलंस खंय? मी गोव्यात ट्रॉलरवर होतंय तेव्हा भरलेली. माका वाटला, सांगितलंय तर काढून घेतील."

बाबांनी दरवाजाकडे पाहिलं. आता उठणार, असं मला वाटलं. पण ते खुर्चीत मागे रेलले. "धागो तोडूचो आसा मरे. फिरव गो बाय तुजा गिरमीट."

सुई टोचली, ड्रिल घुर्र करून गेलं, चांदी निघाली. मग लेझर. सगळ्यांना रंगीत चष्मे. माझ्या चष्म्यात मी शास्त्रज्ञच दिसत असणार. फट् फट् आवाज, किंचित जळका वास, आणि वेळ मात्र ड्रिलपेक्षा कितीतरी जास्त. शेवटी दात भरून झाला.

बधिर ओठाने बाबांनी निकाल दिला, "गिरमीट बरा. वाजता, पण काम करता. तुजो लेझर शिकलेलो आसा. फटफटच जास्त."

धाग्याला कात्री वापरा, असं बाईंनी बजावलं होतं. बाबांनी ते आठवडाभर पाळलं. मग एका सकाळी घरासमोरच्या खळ्यात जाळं पसरलं आणि धागा दाताखाली घेतला. मी बघत राहिलो. कट्. दात शाबूत.

तेवढ्यात शेजारची काकी कसलासा अर्ज घेऊन आली. मी पेन उघडलं.

"झिला," जाळ्यावरून मान न उचलता बाबा म्हणाले, "आधी तिका इचार."