पुस्तक लपवायचं कुठं?

आज बेसा गावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या पोरांनी विचारलं, “टीचर, बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची, हे कोनं ठरवलं?”

म्हटलं, कुणा एकट्यानं नाही. प्रेषितांपासून, म्हणजे पहिल्या शिष्यांपासून आलेलं, जे सगळीकडच्या चर्चच्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या, तेच मान्य झालं. त्या काळी सम्राटाचे शिपाई ग्रंथ जाळायला यायचे, तेव्हा लोकांनी जिवावर उदार होऊन तेच लपवलं.

मग मीच पोरांना विचारलं, “तुम्ही कुठं लपवलं असतं?”

कुणी म्हणालं कूलरमध्ये, कुणी गव्हाच्या कोठीत. चॉकलेट देते म्हटलं तरी वचन पाठ न करणारी रिया म्हणाली, “मी तं पूरं पाठच करून घेतलं असतं. मंग न्या म्हना पुस्तक!”



घरी येऊन बायबल मिटून बसलेय. हे पुस्तक कुणी नेलं, तर माझ्यात किती उरेल? तुमचा ग्रंथ कोणताही असो, तुमच्यात?