ढगम्हशीचे पंख

लाकडावर रंधा मारला की झिलप्या पडतात. कितीही झाडा, संध्याकाळी पायाखाली पुन्हा ढीग असतोच. आमच्या सिनेमाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. टपरीवर एक सांगितला की लगेच कुणीतरी म्हणतं, "आन् त्यो उसाचा सांग की!" म्हटलं, एकदाचे बसून सगळेच सांगून टाकू.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न मेकर. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो मी करतो. माझा वर्गमित्र नितीन लग्नाचे व्हिडिओ काढायचा. एक दिवस वर्कशॉपवर येऊन म्हणाला, "मगदूमबाईंच्या 'ढगम्हशी'वर पिक्चर काढतोय. पंख तू करायचे."

"कशाचे? विमानाचे?"

"म्हशीचे!"

मगदूमबाई म्हणजे कसबा बावड्यातल्या आमच्या चौथीच्या बाई. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, पोरांसाठी. कमळी नावाच्या मुलीकडं ढगातून एक पंखवाली म्हैस येते, दोघी मिळून जग फिरतात, आणि शेवटी म्हैस निघून जाते. शेवटची ओळ आमच्या वर्गाला अजून पाठ आहे : 'ती परत आली नाही.' बाईंची लेक लहानपणीच गेली, त्याच वर्षी त्यांनी हे पुस्तक लिहिलं. अख्ख्या बावड्याला हे माहीत आहे, पण बाईंसमोर कुणी तो विषय काढत नाही.

बाईंनी परवानगी लगेच दिली. अट एकच घातली. "नितीन, शेवटाला हात लावायचा न्हाई. लावलास, तर माझं नाव पडद्यावर दिसता कामा नये."

आणि नितीनला तर पडद्यावर बाईंचंच नाव बघायचं होतं! सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चाललेला.

*

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. तापलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून नमुना मापापेक्षा थोडा मोठा करायचा. त्याला आम्ही अलाउन्स म्हणतो. वीस वर्षांची सवय, हात आपोआप वाढवून कापतो.

आमची ढगम्हैस होती चंद्री. तिचा मालक पिंटूदादा, बावड्यात दुधाचा रतीब घालतो. मी चंद्रीच्या पाठीचं माप घेतलं, बांबू आणि प्लायचा सांगाडा केला, वर पांढरं कापड ताणलं. असले देखणे पंख! टेम्पोत घालून नेले, चंद्रीवर चढवले, तर सांगाडा सरकत सरकत थेट शेपटीवर!

मी माप तपासतोय, पुन्हा तपासतोय. मग लक्षात आलं, मी अलाउन्स धरलेला.

पिंटूदादा चंद्रीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भावा, माझी म्हस थंड झाल्यावर आकसणार हाय व्हय?"

*

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी कशा सजवतात ते तुम्हाला ठाऊक असेल. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पाठीवरचे केस भादरून नक्षी काढायची. नितीननं पिंटूदादाला बजावलेलं, "साधी आणायची. ढगातनं आल्यागत दिसली पायजे."

शूटिंगच्या पहिल्या दिवशी चंद्री आली ती गुलाबी शिंगं, पायात घुंगरू आणि पाठीवर भादरलेली मोठ्ठी अक्षरं घेऊन : 'नाद करायचा न्हाय'.

नितीन डोकं धरून खालीच बसला. पिंटूदादाला वाईट वाटलं. "पिक्चरात जायची म्हटल्यावर उघडीबोडकी आणू व्हय तिला? रात्रंदिस खपलोय की!"

शिंगांचा रंग घासून काढला. अक्षरांचं काय करायचं? केस काय एका दिवसात उगवतात? मग मी पंखांचा सांगाडा काथ्यानं घट्ट आवळला आणि कापड मागच्या बाजूनं सोडलं. वाढीव कापडाखाली अक्षर न् अक्षर झाकलं गेलं. बघा! अलाउन्स कधी वाया जात नाही.

*

कमळीचं काम करणारी सई कागलची. वय वर्षं दहा. घरात चार म्हशी. पहिला सीन असा की धुक्यातून पंखवाला प्राणी येतो आणि कमळी घाबरून किंचाळते.

चंद्री आली. सई जागची हलली नाही. उलट पुढं होऊन तिनं चंद्रीचं कपाळ खाजवलं.

"अगं, किंचाळ की!" नितीन ओरडला.

"कशाला? गरीब म्हस हाय."

सात टेक झाले. सात वेळा सईनं कपाळ खाजवलं. चंद्रीला इतकं आवडलं, की आठव्या वेळी 'ॲक्शन' म्हणायच्या आतच ती येऊन उभी राहिली.

त्या दिवशी बाई सेटवर आल्या होत्या. घरचा डबा मांडीवर घेऊन झाडाखाली बसलेल्या. तिथनंच म्हणाल्या, "पोरीचं बरोबर हाय. पान नऊ. कमळी घाबरत न्हाई, कपाळ खाजवते. नितीन, पुस्तक वाचलायस न्हवं?"

*

जादूचं जंगल म्हणून आम्ही बावड्यातला एक उसाचा फड धरलेला. पुरुषभर उंच ऊस, आत शिरलं की उजेड हिरवा. मालकानं आनंदानं जागा दिली. कमळी जंगलात शिरते, हे पहिल्या दिवशी घेतलं. ती बाहेर पडते, ते दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सपाट रान! नुसता पाला पडलेला. साखर कारखान्याची ऊसतोड आली होती. तोड आल्यावर कोण थांबतंय?

मालक बांधावर उभे होते. शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमचं जंगल कारखान्याला गेलं की!"

नितीननं पाच मिनिटं विचार केला आणि कॅमेरा लावला. आता पिक्चरमध्ये जंगलातली चेटकीण फुंकर मारते आणि जंगल गायब होतं. बघणारे विचारतात, "हे कॉम्प्युटरवर केलं का हो?"

*

चंद्रीला चालवायची रीतही खास कोल्हापुरी. पाडव्याला म्हशी मालकाच्या मोटारसायकलच्या आवाजामागं पळतात, चंद्रीलाही तीच सवय. म्हणजे प्रत्येक सीनला पिंटूदादा कॅमेऱ्याच्या बाहेरून सायलेन्सर काढलेली गाडी घुमवणार, तेव्हा ढगम्हैस चालणार! त्या गोंगाटात सईचा एक संवाद धड ऐकू येईना.

शेवटी नितीननं तोच आवाज संथ करून ढगम्हशीची गर्जना म्हणून वापरला. पुण्याच्या स्टुडिओतला साउंडवाला कान देऊन ऐकत राहिला. "अंगावर काटा येतो हो! सॉफ्टवेअर कुठलं?"

आमच्याबरोबर आलेला पिंटूदादा छाती फुगवून म्हणाला, "सायलेन्सर काढलेलं."

*

आता शेवटचा सीन. माळावर कमळी उभी, चंद्री टेकडीकडं निघून जाते आणि दिसेनाशी होते. पिंटूदादा टेकडीपलीकडं गाडी घुमवत होता. पंख एव्हाना फाटायला आलेले, म्हणजे टेक एकच मिळणार.

चंद्री निघाली. निम्म्या वाटेवर गेली आणि पलीकडं गाडी बंद पडली.

आवाज थांबला, चंद्रीही थांबली. मान वळवून तिनं मागं बघितलं. मग सरळ चालत सईकडं परत आली आणि कपाळ पुढं केलं. सई तिच्या गळ्यात पडून खरीखुरी रडली. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही. एक पंख तिथंच गळून पडला.

नितीननं ते शूटिंग शंभर वेळा बघितलं असेल. म्हणाला, "ह्याच्यापेक्षा भारी मला जन्मात जमायचं न्हाई. पण बाईंचं नाव जातंय रे." शेवटी तसंच ठेवलं. नावाच्या पाट्या तेवढ्या करायच्या राहू दिल्या.

बाईंना दाखवायला शाळेचा हॉल घेतला, खिडक्यांना चादरी लावल्या. बाई पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर स्वतःची जुनी प्रत, हातात बॅटरी. पान उलटत उलटत पिक्चर बघत होत्या. चौथीत शुद्धलेखन तपासायच्या तशाच.

चंद्री वळली, परत आली, पिक्चर संपला. चादरी काढल्या. बाईंनी पर्स उघडून लाल पेन काढलं.

नितीन माझ्या कानात म्हणाला, "गेलं नाव."

बाईंनी शेवटचं पान काढलं. 'ती परत आली नाही.' त्यातला 'नाही' तेवढा खोडला. पेनाला टोपण लावलं आणि प्रत नितीनच्या हातात दिली.

"लाव माझं नाव," म्हणाल्या. "पण चंद्रीच्या खाली."