दोन बोटं जातील असं जाळं

बोयट माशांची पिल्लं खाडीत सोडून घरी आलो तेव्हा माझी बायको हिरा गेली होती. दारात बायका जमलेल्या, आणि माझ्या हातात रिकामा डबा...

सव्वा महिना झाला. त्या सकाळी तिनेच मागितलं होतं. आठ दिवस पेजेशिवाय पोटात काही नव्हतं, म्हणाली, "बोयटाचं कालवन खावंसं वाटतंय." पूर्वी आमच्या करावे गावाच्या खाडीत बोयटं होडीत उड्या मारायची. त्या दिवशी चार मिळाली, करंगळीएवढी. डब्यातल्या पाण्यात जिवंत आणली. तिने बघितलं आणि विचारलं, "ते जालं अजून हाय ना?"

ते जाळं म्हणजे माझं खोटं.

लग्न होऊन आली तेव्हापासून जाळं तीच विणायची. प्रत्येक भोकातून तिची दोन बोटं आरपार गेली पाहिजेत, नाहीतर उसवायची. समोर बिल्डिंगी झाल्या, मासळीला गिऱ्हाईक वाढलं, मी बाजारातून बारीक नायलॉनचं जाळं आणलं. तिची करंगळीसुद्धा जाईना. "अवो, ही मच्छरदानी हाय. तुमीच झोपा हिच्यात." पहिल्या दिवशी टोपली भरली, पण तिने त्यातली एकही मासळी विकायला नेली नाही. जाळून टाकतो म्हणालो. टाकलं नाही, शेजाऱ्याच्या होडीत लपवलं. ती बाजाराला गेली की काढायचो. खाडी कारखान्यांनी खाल्ली असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. कारखान्यांनी खाल्लीच, पण माझंही तोंड त्या ताटात होतं.

ती सोसायटीच्या गेटवर मासळी घेऊन बसायची. कोणी पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी, म्हणजे खेकड्याची मादी, मागितली की म्हणायची, "तिची डिलिव्हरी हाय, ताई. पुढच्या महिन्यात या." बायका हसायच्या. मग स्वतःच चिंबोरी उलटी करून बघायला लागल्या.

तर, जाळं हाय ना, असं तिने विचारलं आणि मी चिडलो. खोटं पकडलं की माणूस चिडतो. "मरायला टेकलीस आणि माशांची काळजी करतेस?" हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

ती शांतपणे म्हणाली, "मी चाललेच हाय. त्यांना कशाला संगती नेऊ? सोडून या."

दहाव्याच्या आधी ते जाळं कोयत्याने तोडलं. तिला दाखवायला उशीर झाला...

आता तिच्या जागेवर मी बसतो. परवा एक ताई अंड्यांची चिंबोरी परत ठेवत म्हणाली, "नको काका, मावशी ओरडतील." मला तोंड फिरवावं लागलं.

म्हातारपणी हिराची बोटं सुजायला लागली तेव्हा तिने दोन बोटांच्या मापाची बांबूची पट्टी तासून घेतली होती. ती चुलीवरच्या खुंटीला आहे. माझी बोटं जाड, विणकाम वाकडंतिकडं. रोज संध्याकाळी नव्या जाळ्याची एक ओळ विणतो, भोकात पट्टी घालतो. अडकली की उसवतो. विचारणारं घरात कोणी नाही, तरी उसवतो.