नव्वदात एक

आमच्या वस्तीवरून नवी मुंबईला थेट गाडी नाही. आधी जीपने तालुक्याला जायचं, तिथून ट्रॅव्हल्स. हा प्रवास मी पहिल्यांदाच एकटीने केला, आणि तो फिरायला जाण्याचा नव्हता हे आधीच सांगते. दाजींचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला होता. मंगलताईला चौथा महिना सरत आला होता. पहिलंच बाळंतपण. रक्ताच्या तपासणीत ‘हाय रिस्क’ आलं होतं आणि डॉक्टरीणबाई घाईघाईने जे बोलल्या त्यातलं दोघांना काहीच कळलं नव्हतं.

“तू कॉलेजात आहेस. येऊन कागद वाच,” एवढंच दाजी म्हणाले.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी एकटीच, त्यामुळे इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद माझ्याकडे येतो, अगदी औषधाच्या डब्यावरचासुद्धा. मला नाही म्हणता आलं नाही. आईने बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि याबद्दल गावात कुणाशी बोलू नकोस म्हणाली.

उजाडता उजाडता नेरुळला महामार्गावर उतरले. गाडीच्या पोटातून पिशवी ओढताना ती फाटली आणि अर्धं पीठ रस्त्यावर सांडलं. दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांनी खाली बसून वरवरचं पीठ ओंजळीने गोळा केलं, मग बहुधा लक्षात आलं की त्यात खडी आहे, आणि हात झटकले. ते न्हावा शेवा बंदरातून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवतात. एरवी खूप बोलतात. त्या दिवशी वाटेत त्यांनी एकच विचारलं, चहा घेतेस का.

ताई राहते ते करावे मूळचं खाडीकाठचं गाव. भोवती वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या, रुंद रस्ते, आणि मधोमध हे गाव. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून स्कूटर आली तर कुणीतरी ओट्यावर चढायचं. ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर. वर गच्चीत घरमालकीणबाईंचा जवळा (तांदळाच्या दाण्याएवढी बारीक कोळंबी) वाळत घातलेला, त्याचा वास जिन्याभर. त्या कोळी समाजातल्या, बाजारात मासळी विकतात. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते.

“हीच का गो शिकलेली बहीन?” त्यांनी जिन्यातच विचारलं. “वाच बाय तो कागद लवकर. ह्या दोगांनी दोन दिस चूल पेटवली नाय.”

ताईने दार उघडलं. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने मला जवळ घेतलं नाही, पिठाची पिशवी घेतली.

कागद तीन पानी होता. मी मोबाइलवर एकेक शब्द शोधत तासभर वाचला. बाळाच्या शरीरात एक गुणसूत्र जास्त असण्याची शक्यता होती. तसं असलं तर बाळाची समज आणि वाढ मागे राहते, कधी हृदयातही दोष असतो. त्यापुढे आकडा होता, एकास नव्वद. दाजींनी तो शंभरापैकी नव्वद असा वाचला होता, परीक्षेच्या गुणांसारखा. दोन दिवस ते त्याच हिशोबाने जगत होते.

मी त्यांना सांगितलं, असं नाही. असा रिपोर्ट आलेल्या नव्वद बायका घेतल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला असेल. एकोणनव्वद चांगली.

दाजी भिंतीला टेकून बसले. मग चेहरा पुसून खाली गेले आणि मावशींकडून बोंबील घेऊन आले. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे ती कापडासारखी मऊ. दाजींनी तीन खाल्ल्या. मला फार बरं वाटलं. आपण शिकलो त्याचा कुणाला तरी उपयोग झाला, असं मनात आलंही.

जेवण झाल्यावर कागद घडी घालताना पहिल्या पानावर नजर गेली. जन्मतारीख एक जून. वय बत्तीस. ताईने माझ्या हातातून कागद काढून घेतला.

आमच्या वस्तीवर निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे. घरात जन्मलेल्या पोरांची नोंद कुठे नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी मूल सहा वर्षांचं धरून एक जून लिहून टाकत. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा ताई कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपडीत) दोन भावांना सांभाळायची, म्हणून तिचं नाव शाळेत घातलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. गुरुजींनी तिलाही सहाचीच लिहिली. मी दवाखान्यात जन्मले, माझी तारीख खरी आहे. ताई छत्तीस वर्षांची आहे. कागदातला आकडा वयावरूनही काढतात, वय जास्त तर धोका जास्त, हे मी नुकतंच वाचलं होतं.

संध्याकाळी ताई मला खाडीवर घेऊन गेली. ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडून पडलेल्या, पलीकडे खारफुटीची हिरवी रांग. दोन म्हातारे जाळ्याची भोकं शिवत होते. मी ताईला म्हटलं की डॉक्टरांना खरं वय सांगायला हवं.

“ते तेहतीसचे आहेत,” ती दाजींबद्दल म्हणाली. “सासूबाईंनी शाळेतलं वय बघूनच होकार दिला. आधीच चार स्थळं वयावरून परत गेली होती. तू तोंड उघडू नको.”

मी उघडणार नाही म्हणाले. तेव्हा खरंच तसं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. बाकांवर तीस-चाळीस बायका, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि फाइल. आम्हाला समुपदेशक (रुग्णांना समजावून सांगणाऱ्या) मॅडमकडे पाठवलं. त्या सावकाश बोलत होत्या. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासता येतं, त्यातून पक्कं कळतं, पण त्या सुईने क्वचित गर्भ पडूही शकतो. करायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

दाजींनी ठरवलेलंच होतं. “नव्वदात एक आहे, मॅडम. मेहुणीने सगळं समजावलंय. एवढ्यासाठी सुई नको.”

ताईने मान हलवली. मॅडम नकाराचा फॉर्म भरू लागल्या. मी सांगितलेला आकडाच दाजी पुढे करत होते. मॅडमचं पेन थांबलं.

“एक जून. खरी तारीख आहे की शाळेतली? सकाळपासून ही तिसरी एक जून आहे माझ्यापुढे.”

“खरीच आहे,” ताई म्हणाली.

पेन पुन्हा चालू झालं.

“मॅडम, ती छत्तीसची आहे.” हे मीच बोलले होते.

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, माझी काही चूक झाली असावी अशा नजरेने. मग ताईकडे. ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला आणि तिला हळूच पुन्हा विचारलं. तिने मान खाली घालून होकार दिला. प्रयोगशाळा हिशोब पुन्हा करून देईल, मॅडम म्हणाल्या, पण शक्यता वाढेल, कमी होणार नाही.

दाजी उठून बाहेर गेले.

“झालं समाधान?” ताई म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

खोलीच्या भिंती पातळ आहेत. रात्री ताई-दाजींचं काय बोलणं झालं ते मोरीच्या भिंतीपलीकडे निजलेल्या मला ऐकू आलं, ते इथे लिहीत नाही. सकाळी मावशी कालवणाचं पातेलं घेऊन आल्या आणि दाजींसमोर फतकल मारून बसल्या. “माजा म्हातारा माज्याऊन दोन वर्सांनी ल्हान व्हता,” त्या म्हणाल्या. “मरेपरत सांगायचा, थकलू. मी अजून पाट्या उचलतंय.”

दाजी हसले नाहीत. पण त्यांनी ताट पुढे ओढलं.

नवा आकडा पस्तीसात एक आला. दाजींनी संमतीच्या कागदावर सही केली आणि पेन ताईच्या हातात दिलं. सुईच्या दिवशी मी दाराबाहेर बसले होते. आतून काहीच आवाज आला नाही. ताई पोटावर हात धरून बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि दाजींचा दंड धरला. त्यांनी तो धरू दिला.

सातव्या दिवशी मी निघाले. ताई जिन्यापर्यंत आली नाही. महामार्गावर पिशवी गाडीत ठेवताना दाजी म्हणाले, “रिपोर्ट तुलाच पाठवीन. या वेळी सगळं एकदम सांग.”

घरी आल्यावर आईला जे घडलं ते सांगितलं. तिने निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “गुरुजी लिहीत होते तेव्हा मी तिथंच उभी होते.” कागद वाचता येणं म्हणजे काय, याबद्दल मी आजवर फार सोपा विचार करत होते. आमच्या घरात सगळे माझ्या वाचण्यावर विसंबतात, आणि मी जेवढं वाचून दाखवते तेवढंच त्यांना खरं वाटतं. याची मला आता भीती वाटते. ताईच्या घरी मी बोलले ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण ठामपणे म्हणवत नाही.

सुईनंतर अठराव्या दिवशी दुपारी फोन आला तो ताईचा. दाजी ट्रेलरवर होते. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर आला होता आणि तिने तो मला पाठवला होता.

“वाच. मधलं काही गाळू नको.”

मी नावापासून वाचत गेले. तपासलेल्या सगळ्या पेशींमध्ये ते एक गुणसूत्र जास्त होतं. मी मराठीत सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं.

“यात चूक असू शकते का?”

“नाही ताई.”

मग तिने पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना चार दिवसांनी बोलावलं होतं. काय करायचं ते तोवर दोघांनी ठरवायचं होतं.

“तुझी परीक्षा कधी आहे?” तिने विचारलं.

“पुढच्या महिन्यात.”

“मग पुस्तकं इकडंच घेऊन ये.”