डबल बेलचं इंग्रजी

इंग्रजांनी आपल्यावर जे राज्य केलं त्याचा पुरता सूड भोर तालुक्यात एकट्या माझ्या मामेसासऱ्यांनी घेतला. त्यांनी त्या लोकांची भाषा धरून किकवीच्या एका ओसाड एसटी शेडमध्ये आणली, तिच्या बारा काळांपैकी दहा काळ खाली उतरवले आणि उरलेल्या दोघांना घंटीच्या तालावर रोज सकाळी सात ते आठ नाचवलं. एवढा छळ सोसूनही ती भाषा त्या शेडमध्ये येत राहिली आणि काही जणांच्या तोंडात बसलीसुद्धा, हे मला आजही पटत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे नाकारताही येत नाही.

ते माझ्या बायकोचे मामा. तीसेक वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बहुतेक भोर-वेल्हे मार्गावर, त्यामुळे दोन्ही तालुके त्यांना मामाच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माणसं शेत बघतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर पारावर बसून सरकार चालवतात. मामांनी इंग्रजी शिकवायला घेतलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी कुठून आलं म्हणाल, तर नातीच्या शाळेच्या वर्कबुकातून. त्यातला पहिलाच धडा साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांच्या सरावाचा होता. डावीकडे रोज करायची कामं, उजवीकडे काल केलेली. मामा त्या पानावर चढले ते शेवटपर्यंत उतरले नाहीत. "मानसाला बोलाया लागतंय किती?" ते विचारायचे. "रोज काय करतो आन् काल काय केलं. पोलीस इचारतो ते एवढंच, डाक्टर इचारतो तेबी एवढंच."

हायवे रुंद झाला, गाड्या वरच्या पुलावरून जायला लागल्या आणि खालची जुनी शेड रिकामी पडली. मामांनी सारोळ्याच्या भंगारवाल्याकडून जुन्या एसटीची घंटी आणून छपराच्या अँगलला टांगली, तिची दोरी खाली सोडली, मामींनी फरशी पुसायला काढलेला खाकी शर्ट परत अंगात चढवला आणि वर्ग सुरू झाला. विद्यार्थी सात-आठ. चहाच्या टपरीचा बबन, दोन-तीन सुना, एक निवृत्त तलाठी आणि असेच कोणी. नियम साधा होता. डबल बेल म्हणजे गाडी चालू, रोज चालणारी. टिंग टिंग वाजलं की विद्यार्थ्याने उठून "आय गेट अप ॲट फाइव्ह" म्हणायचं. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबली, प्रवासी उतरले, विषय संपला. एकच टिंग वाजलं की "यस्टरडे आय गॉट अप ॲट फाइव्ह". मामा मनात येईल तशी दोरी ओढत आणि माणसं आज आणि काल यांच्यामध्ये धापा टाकत पळत. हायवेवरच्या ढाब्यात चहा प्यायला उतरलेले प्रवासी, हा काय देवस्थानाचा प्रकार आहे म्हणून लांबून हात जोडून जात.

व्याकरणाची अवघड जागा आली की मामा तिला गाडीत बसवत. ही, शी आणि इट या तीन प्रवाशांकडे लगेज असतं, ते म्हणजे शेवटचा एस. लगेज घेतल्याशिवाय चढू द्यायचं नाही. पण गाडी थांबली की लगेज उतरलंच पाहिजे. बस रोज 'गोज', काल 'वेन्ट'. हे 'वेन्ट' कुठून उपटलं, असं तलाठ्यांनी एकदा विचारलं. "ते पासवालं," मामा म्हणाले. "गो, ईट, कम, सगळं पासवालं. त्यांस्नी तिकिटाचा नियम न्हाई. त्वांड वळखून ठिवायचं." बबनला वेगळीच शंका होती. "मामा, घाटात दरड पडली आन् काल गाडी गेलीच न्हाई, तर वो?" मामांनी दोरी सोडली आणि त्याच्याकडे जुन्या काळच्या विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं. "रद्द गाडी पुढच्या यत्तेत," ते म्हणाले. पुढची यत्ता कधीच आली नाही.

मी भोरला एका शाळेत ग्रंथपाल होतो. माझी पुस्तकं पाहिली की मामांना माझी कीव येई. "जावईबापू, एवढी कपाटं वाचली तुमी. काल सकाळपासनं काय केलं ते एका दमात इंग्रजीत सांगा बरं." मी अडखळत असे, कारण काल सकाळपासून मी सांगण्यासारखं काहीच केलेलं नसे. एकदा चिडून मी म्हणालो, "मामा, इंग्रजीत आत्ता चालू असलेल्या क्रियेचाही काळ असतो. तो कधी शिकवणार?" मामांनी शांतपणे उत्तर दिलं, "चालत्या गाडीत चढायचं नसतं." आणि भविष्यकाळ? "उद्याच्या गाडीची खात्री कंडक्टर देत नसतो." यावर वाद घालण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं, मराठीही नव्हतं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे वाक्य खरं असलं पाहिजे हा हट्ट. वर्तमानकाळात एखादी गोष्ट रोज करतो म्हणायचं आणि करायची नाही, ही त्यांच्या लेखी प्रवाशांची फसवणूक होती. वर्कबुकात 'आय ड्रिंक मिल्क' होतं, म्हणून दूध अजिबात न सोसणारे मामा रोज सकाळी पेलाभर दूध पीत आणि दुपारपर्यंत पोट धरून बसत. 'आय गो टु द गार्डन' होतं, पण किकवीत बाग कुठली? मग रोज संध्याकाळी हायवेकडेच्या रोपवाटिकेत जाऊन आंब्याच्या कलमांमध्ये दहा मिनिटं उभे राहत. 'आय प्ले टेनिस' मात्र त्यांनी पेनाने खोडून टाकलं, तेही बराच विचार करून. मामी म्हणायच्या, "काल काय जेवला ते इंग्रजीत सांगत्यात. आज सिलिंडर कोन आननार ते इचारलं तर मराठी बी येत न्हाई ह्यांना."

आता सुरेखाबद्दल. ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यातली सून. सासरी शेळ्या-मेंढ्या, आणि वाड्यावरची शाळा चौथीला संपते. मुलगी पाचवीत गेली तशी सुरेखा तिला आणि दोन दुभत्या शेळ्या घेऊन किकवीला भावाकडे आली. सासरच्यांनी सांगितलेलं होतं की दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर दोघींनी खाली राहावं, नाहीतर शाळा बास, दोघींनी परत वर. वरव्याजवळच्या मसाल्याच्या एका कंपनीत गेटवर गाड्यांची नोंद करायला बाई हवी होती. बाहेरच्या राज्यांतले ड्रायव्हर यायचे, त्यामुळे थोडं इंग्रजी बोलता यायला हवं ही अट. सुरेखा दहावी झालेली, पण इंग्रजी ऐकलं की पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायची. ती मामांच्या शेडमध्ये आली आणि तीन महिने न चुकता घंटीवर उठली आणि बसली. मामांनी तिला टेनिस शिकवलं नाही. "शेरडं राखती ना? मग शेरडंच सांग," असं म्हणून तिची सगळी वाक्यं त्यांनी शेळ्यांची करून दिली.

मुलाखतीच्या दिवशी मामा तिच्याबरोबर निघाले आणि साहेबांना पुस्तकातलं काही विचारायचं झालं तर असू द्या म्हणून मलाही घेतलं. अंगात खाकी शर्ट. आम्ही गेटबाहेर थांबलो. ऑफिसची खिडकी उघडी होती, आतल्या मॅडम दिसत होत्या, सुरेखाची पाठ दिसत होती. रोज काय करता, असं मॅडमनी इंग्रजीत विचारलं. सुरेखाने मनातल्या मनात डबल बेल मारून घेतली असावी, कारण ती धडाधड सुटली. आय गेट अप ॲट फोर. आय मिल्क द गोट्स. माय डॉटर गोज टु स्कूल. लगेजसकट. मामा माझ्या कानात म्हणाले, "निघाली गाडी."

मग मॅडम म्हणाल्या, "अँड यस्टरडे?"

मी पाहिलं, सुरेखाने मान वर करून छताकडे बघितलं. तिथे पंखा होता, दोरी नव्हती. जगातल्या कुठल्याही मास्तरने आपल्या विद्यार्थ्याला एवढं पांगळं करून ठेवलं नसेल, असं माझ्या मनात आलं. बाई बिचारी घंटी वाजायची वाट बघत होती आणि घंटी होती किकवीला. एक मुलगी, तिचं दप्तर, तिची शाळा, सगळं त्या पंख्याखाली अडकून पडलं होतं.

मामांनी खिशातून नाणं काढलं आणि गेटच्या लोखंडी पाइपवर एकदाच मारलं. टिंग.

"यस्टरडे आय गॉट अप ॲट थ्री," आतून लगेच आवाज आला.

सिक्युरिटीवाला धावत आला. "ओ आजोबा, काय वाजवताय? हिकडं या." त्याने मामांचा दंड धरला, त्यांच्या खाकीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळला. "हे तुमच्याबरोबर हायत का?"

मी हातातल्या वर्तमानपत्रात बघत म्हणालो, "नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सिक्युरिटीवाला त्यांना रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेला आणि उन्हात उभं करून आला. आत मॅडमनी विचारलं, तो आवाज कसला होता? सुरेखाने खिडकीतून बघितलं. तिला पलीकडे उभे असलेले मामा दिसले. मग तिने मॅडमच्या टेबलावर बोटाच्या पेराने स्वतःच एकदा टक् केलं आणि म्हणाली, "माय टीचर केम विथ मी. ही रँग द बेल. द वॉचमन कॉट हिम."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की सिक्युरिटीवाला परत गेटकडे धावला.

नोकरी लागली. मुलगी खाली राहिली. मामांनी मात्र आनंद करण्याऐवजी आठवडाभर एकच घोर लावून घेतला. "'रँग' आपल्या वर्गातलं. पन हे 'कॉट' तिला म्या शिकवलंच न्हवतं. कुठनं आनलं तिनं?" विद्यार्थी आपलं पान उलटून पुढे गेला हे कळल्यावर चांगला मास्तर खूश होतो, असं मी वाचलेलं आहे. मामांना तर चालत्या गाडीतून आपलाच प्रवासी उतरून गेल्यासारखं झालं होतं. माझ्याबद्दल ते एवढंच बोलले, तेही परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत. "ऊन लई हुतं, जावईबापू. तुमी सावलीत हुता ते बरं झालं."

या श्रावणात मामा गेले. सकाळी दूध प्याले, शेडमध्ये जाऊन आले, ओसरीवर टेकले आणि तसेच राहिले. मामींनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. आमच्याकडे स्मशान हायवेच्या पलीकडे पडतं, म्हणून टेम्पो बोलावला. वर्गातले सगळे आले होते. सुरेखा कंपनीच्या गणवेशातच आली, बरोबर मुलगी, आता आठवीतली.

मामांना टेम्पोत ठेवलं. ड्रायव्हर सारोळ्याचा, कोणाच्या ओळखीचा नव्हता. खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, "ह्यांच्यासंगं कोन हाय? एकानं मागं बसा."

"मी आहे," मी म्हणालो, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. "माझे मामेसासरे." आणि चढलो.

इंजिन सुरू होतं, पण गाडी हलेना. कोणीतरी चला म्हणायला हवं होतं. मामी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून कोणाला ते म्हणवत नव्हतं. बबनने टेम्पोचं फाळकं पुन्हा एकदा तपासलं. मग सुरेखा पुढे आली. तिने मुठीतलं नाणं टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं.

ड्रायव्हरने वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याने गिअर टाकला.