सुई सविताताईची, सही माझी

ज्या बाईनं मला मरताना वाचवलं, तिच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही माझी आहे.

आज सविताताईला जाऊन वर्ष झालं. वर्षभर तोंड शिवून बसलो. आता बास.

ओळखत नसाल त्यांच्यासाठी सांगतो. ताई सापगावची, ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक. मी खर्डीचा, हळदीला-लग्नाला बेंजो वाजवतो. आमचं नातंगोतं काय नाय.

वऱ्हाडाचा टेम्पो मुरबाडच्या पुढं, घाटाकडच्या वळणावर पलटी झाला. आमी बेंजोवाले सामानासकट मागं बसलेलो. माणसं शेतात उडून पडलेली, नुसती रडारड. मला रडता पण येत नव्हतं. श्वासच आत जात नव्हता.

पहिली आली ती ताईची गाडी. ताई आणि ड्रायव्हर, दोघंच. डॉक्टर नाय. जखमी वीसेक.

नवरदेवाचा काका पुढच्या कारमधनं उतरून धावत आला. नाव लिहीत नाय. वाढदिवसाला चौकात ज्याचे बॅनर लागतात, तसला माणूस. त्याच्या पोराचा हात मोडलेला, आणि पोरगा जोरजोरात बोंबलत होता.

"ए बाई, आधी ह्याला घे गाडीत."

"काका, जो ओरडतोय त्याला अजून वेळ आहे. हा गप पडलाय. हा आधी."

हा म्हणजे मी.

सगळ्या वऱ्हाडासमोर एका बाईनं त्याला नाय म्हटलं. बस, इतकंच झालं. पुढचं सगळं त्यातनं निघालं.

आता नियम ऐका. मला पण नंतरच कळला.
छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबलं की जाड सुई घालून ती हवा काढायची. ताईला ते येत होतं, ट्रेनिंगला शिकवलेलं. पण तिच्या नोकरीच्या कागदात लिहिलेलं, हे काम डॉक्टरचं. डॉक्टर जागेवर नसेल तर फोन लावायचा, तो हो म्हणाला तरच हात लावायचा.
जखमी एक असो नायतर वीस, नियम तोच.

आणि तिथं रेंज नाय. ड्रायव्हर गाडीच्या टपावर चढून मोबाइल हलवत होता.

ताई माझ्या कानाशी वाकली. "घाबरू नको रे दादा. टोचेल जरा."

टोचलं. फुस्स करून हवा गेली आणि मी श्वास घेतला. आयुष्यात एवढा गोड श्वास कधी घेतला नाय.

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "ज्यानं ही सुई घातली, बरा झालास की त्याच्या पाया पड."

मी काय केलं?
सही केली.

तिसऱ्या दिवशी काका शहाळं घेऊन आला. माझ्या छातीत नळी, डोळ्यावर झापड. "टेम्पोच्या इन्शुरन्सचा कागद आहे रे, सगळ्यांच्या सह्या घेतोय. इथं कर."
केली. वाचलं नाय. आमच्याकडं मोठ्या माणसानं पेन पुढं केलं की वाचत बसणं म्हणजे त्याचा अपमान.

कागदावर होतं, माझी संमती आणि डॉक्टरची परवानगी नसताना या बाईनं माझ्या छातीत सुई खुपसली, तिच्यावर कारवाई व्हावी.

ताईला घरी बसवलं. चौकशी चालू.

मला यातलं काय पण माहीत नाय. काही महिन्यांनी ती खर्डी स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडला दिसली. मी हसत पुढं गेलो. ती हसली नाय.

"दादा, सुई घालायची नव्हती का मी?"

मोबाइलवर कागद दाखवला, मला पाठवला पण. माझी सही, माझ्याच वळणाची.

आईची शपथ घेतली, फसवलं म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसात येऊन एवढंच सांग. मला परत गाडीवर घेतील."

"येतो ताई. एवढा सीझन संपू दे."

होय, हे मी बोललो. तारखा धरलेल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या काकाच्या गोतावळ्यातल्या. थू माझ्या जिनगानीवर.

सीझन संपला. तोवर ताई घर चालवायला दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायला लागलेली. पायाला जखम, दिवसभर चिखलात उभी. लेप्टो झाला, चिखलपाण्यातनं जखमेत शिरणारा ताप. आठवड्याच्या आत गेली.

मागच्या सोमवारी ऑफिसला गेलो. एक वर्ष उशिरा. क्लार्क म्हणाला, "मॅडम वारल्या ना? मग चौकशी बंद. दोषी पण नाही, निर्दोष पण नाही."
आणि तिची आई अजून बाजारात भेटेल त्याला सांगते, माझ्या पोरीनं काय वाईट केलं नव्हतं गो.

आणि काल काकाचा फोन. त्याच पोराची हळद आहे, तोच बोंबलणारा. "तुझाच बेंजो पायजे. तारीख धर."

अरे, लाज कशी नाय वाटत?

म्हटलं, "काका, तुमच्या हळदीला बेंजो नाय. माझा नाय, शहापुरातला नाय, मुरबाडातला पण नाय. सगळ्या बेंजो पार्टीवाल्यांना मी तो सहीचा कागद दाखवलाय."

बहिष्कार घातला तर गुन्हा होतो, ते पण मला माहीत आहे. काका, कायदा तुमीच शिकवलात, त्या कागदानं. बहिष्कार-बिहिष्कार काय नाय, आमच्या डायऱ्या फुल आहेत.
स्पीकर लावा आणि नाचा. पाहुणे विचारतील, बेंजो का नाय? सांगा त्यांना का नाय ते.

उद्या मी ॲफिडेव्हिट करतोय. फाइल उघडत नाय तोवर दर सोमवारी त्या ऑफिसात जाऊन बसणार. वाजवायला संध्याकाळ असते, दिवसभर मी मोकळाच आहे.

ताई, फुलं, दिवा, श्रद्धांजली, आज काय पण नाय.
ज्या दिवशी त्या काकाला सापगावात तुझ्या आईच्या दारात आणून उभा करीन, आणि तो स्वतःच्या तोंडानं बोलेल की तुमची पोरगी बरोबर होती, त्या दिवशी तुला हात जोडीन.

त्याच्या शेजारी मी पण उभा असेन. मान खाली घालून.